दोन्ही अंगांनी माप

मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला होता, आणि त्या वीतभर पायाची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. भांडगावात त्यांची दोन एकर जमीन होती, एका तुकड्यात शेवंती आणि एका तुकड्यात झेंडू. उसाच्या ट्रॉलीचं चाक पायावरून गेलं आणि दौंडच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. त्यात मामांना शुगर. डॉक्टरांनी घरी सोडताना आम्हा सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "गुडघा वाचवलाय, तो जपा. उरलेल्या पायाला परत जखम झाली आणि ती चिघळली, तर पुढच्या वेळी गुडघ्याच्या वरून कापावं लागेल." गुडघा असला तर माणूस नकली पाय घालून सरीतून चालतो, खाली बसतो, उठतो. गुडघा गेला की शेवंती दुसऱ्यानं तोडायची आणि आपण बांधावर खुर्ची टाकून बघत बसायचं. मामांना खुर्चीचा भारी तिटकारा होता.

हे सगळं दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. मी तेव्हा शिरूरला होते. दौंडला डिप्लोमा केला, मग एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीन वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर बसले. तिथून मला सरांनी उचललं. सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिक्सचे मास्तर. शिरूरला बाजारपेठेत एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि खालून येणारा मिरचीचा ठसका.

सरांना ध्यास एकच, कॅमेरा करायचा. फोटो काढायचा कॅमेरा नव्हे. कॉम्प्युटरला बघायला शिकवणारे जे संशोधक असतात, त्यांना लागणारा. तसे कॅमेरे परदेशातून यायचे. किंमत डोळे पांढरे करणारी, आणि डबा असा बंद की आत चित्राचं काय काय करतात ते कुणाला कळू नये. सरांचं म्हणणं होतं, ज्याच्यावर संशोधन उभं करायचं तो डोळाच झाकलेला कसा चालेल? म्हणून आपण कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड करायचा आणि त्याचा नकाशा, सुट्या भागांची यादी, प्रोग्राम, सगळं इंटरनेटवर उघडं ठेवायचं. ज्याला हवं त्यानं करून घ्यावं, ज्याला खोट दिसेल त्यानं सांगावं.

बोर्ड मी जोडायचे. भिंगातून चित्र टिपणारा चौकोनी तुकडा नखाएवढा, आणि त्याचे पाय केसासारखे. सर बघायला आले की मी म्हणायचे, "सर, श्वास तिकडं सोडा." लोड शेडिंग सुरू व्हायच्या आत काम उरकायचं, म्हणून सकाळी चहासुद्धा घ्यायचे नाही मी. भिंगाची नळी शेजारच्या लेथवाल्याकडून करून घेतलेली. असे दोन कॅमेरे एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवले की आपल्या दोन डोळ्यांसारखं होतं, वस्तू किती लांब, किती उंच, ते हात न लावता मोजता येतं.

कशाचं माप घ्यायचं, हे मीच सरांना सुचवलं. मामांचा प्लास्टरनं साचा घेऊन केलेला आधीचा नकली पाय सैल झाला होता आणि दाराआड पडून होता. मामा कुबड्यांवर. मी म्हटलं, उरलेल्या पायाचं आपल्या कॅमेऱ्यानं माप घेऊ, आणि तो पाय ज्या वाटीत बसतो ती वाटी त्या मापानं करून घेऊ. सर खूश झाले. मामा तर माझ्याहून खूश. म्हणाले, "भाचीनं केलेला पाय. मंग मी अमेरिकेलाबी चालत जाईन की." मामी म्हणाल्या, "आधी परसापर्यंत जावा."

आता बॅनरचं सांगते, कारण सगळं तिथं फसलं.

कॅमेऱ्याला माप शिकवावं लागतं. त्यासाठी त्याच्यासमोर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन धरायचे. चौकोन केवढा आहे ते आपल्याला माहीत असतं, तेवढं कॅमेऱ्याच्या प्रोग्रामला सांगायचं, मग तो स्वतःचं गणित जुळवून घेतो. आम्हाला मोठा पट हवा होता. शिरूरला तेव्हा चौकाचौकात फ्लेक्सची दुकानं निघाली होती. कुणाच्याही भाच्याचा वाढदिवस असला की फ्लेक्स. मी त्यातल्या एका दुकानात पटाची फाइल दिली आणि बजावलं, एकेक चौकोन बरोबर पन्नास मिलिमीटर झाला पाहिजे. संध्याकाळी फ्लेक्स मिळाला. चकचकीत, कडक, वरच्या कडेला दोन पितळी रिंगा. मी प्लास्टिकची पट्टी लावून एक चौकोन आडवा मोजला. पन्नास. उभा मोजला नाही. चौकोन तो चौकोन, त्यात उभा काय नि आडवा काय.

त्या रिंगांनी फ्लेक्स भिंतीवरच्या दोन खिळ्यांना टांगला आणि त्याच्यासमोर आम्ही कॅमेरा जवळ नेला, लांब नेला, डावीकडे, उजवीकडे. आठवडाभर हेच. आणि दर वेळी कॅमेरा एकच गोष्ट सांगायचा. चौकोन रुंदीपेक्षा उंच आहे, शंभराला तीन.

मी बोर्ड उलटा करून बघितला. वाटलं, झालं, माझ्या हातनं काहीतरी बिघडलं.

सर म्हणाले, "चित्र टिपणारा तुकडा बनवणाऱ्यांच्या कागदात तर लिहिलंय की त्यातला प्रत्येक ठिपका चौरस आहे."

"कागदाचं काय घेऊन बसलात, सर," मी म्हणाले. "मुंबईच्या बाजारातून सुटा आणलेला माल. त्यावर लेथवाल्याची नळी आणि माझं सोल्डरिंग. खोट आपल्यातच आहे."

"खात्री आहे?"

"आहे."

सोल्डरिंगनं चौकोन उंच होत नाही, हे आज मला कळतं. तेव्हाही कळत असावं. पण आमच्या घरात शिकवण एकच होती. आप्पा, माझे वडील, दौंडला रेल्वेत फिटर होते. ते म्हणायचे, आपल्या कामात लोक खोट शोधणारच, आपल्या वस्तीतनं आलेल्या माणसाच्या कामात तर दोनदा शोधणार, म्हणून आधी आपणच शोधायची. डिप्लोमाच्या लॅबमध्ये मीटर बंद पडला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी हात लावलेला असो नसो, मी आधी माझाच हात तपासायचे. सवयच लागली. समोर दुकानातून आलेला चकचकीत फ्लेक्स आणि माझ्या हातचा उघडा बोर्ड, यांत चोर कोण, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी.

प्रोग्राममध्ये मी एक ओळ घातली, की येणारी प्रत्येक उंची तीन टक्के कमी करा. चौकोन लगेच चौकोन झाले. शेजारी इंग्रजीत लिहिलं की आमच्या कॅमेऱ्यात उभ्या दिशेला एवढा दोष आहे, तो इथं काढून टाकला आहे. आणि सगळं इंटरनेटवर चढवलं. आपला दोष आपणच जगाला सांगितला, म्हणून मला वर अभिमान.

मग कॅमेरे जेवणाच्या मोठ्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून मी एसटीनं निघाले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून वडापच्या जीपनं भांडगावला. अख्ख्या रस्त्यात डबा मांडीवर. खड्डा आला की मी डबा वर उचलायचे, कंडक्टर म्हणाला, "ताई, कालवण सांडंल म्हणून भ्या का?" मामांना ओसरीत बाजेवर बसवलं, पाय खाली सोडायला लावला आणि चहूबाजूंनी चित्रं घेतली. मामांनी दाढी करून धुतलेला सदरा घातला होता. मी म्हटलं, "मामा, चेहरा येणार नाही ह्यात." तर म्हणाले, "पायाचा मालक कोन हाय ते त्याला कळाया नगं व्हय?"

पाय बनवणारे कारागीर पुण्याहून महिन्यातून एकदा दौंडला यायचे. त्यांना मी मापं दिली. त्यांनी आपल्या समाधानासाठी मामांच्या पायाला टेप लावला आणि म्हणाले, "ताई, लांबीला थोडं कमी वाटतंय तुमचं."

"तुमचा टेप कापडी आहे," मी म्हणाले. "ताणेल तसा ताणतो."

गुणी माणूस होता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या मापानं वाटी केली.

पाय आला. मामा उभे राहिले, ओसरीवरून उतरले, शेवंतीच्या पहिल्या सरीपर्यंत गेले आणि परत आले. मामी पदर डोळ्याला लावून उभ्या. मी विचारलं, "टोचतंय का कुठं?"

"न्हाई. बेस हाय."

"खरं सांगा."

"आगं नवी चप्पलसुदिक चार दिस चावती. ही तर वाटी हाय. बसंल हळूहळू."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मामी नंतर फोनवर बोलल्या की संध्याकाळी पाय काढला की मामा वाटीच्या आतला मोजा धुवायला स्वतःच नेतात, त्यांना देत नाहीत. मी म्हटलं, लाजत असतील. असं म्हणून मी मोकळी झाले. तरी त्यानंतर रोज सकाळी उठलं की आधी मामांचा पाय आठवायचा. विचारलं की उत्तर एकच. बेस हाय.

महिनाभरानं सरांच्या पत्त्यावर एक ईमेल आला. परदेशातल्या कुठल्यातरी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी. तिनं आमच्या नकाशावरून दोन बोर्ड केले होते आणि मधमाश्यांच्या पेटीवर लावले होते. माश्या कशा उडतात ते मोजायला. तिनं आभार मानले होते, आणि शेवटी विचारलं होतं की तुम्ही उंची तीन टक्के कमी का करता? मी ती ओळ काढून टाकली तर माझे चौकोन चौकोन दिसतात, ओळ ठेवली तर बसके होतात. दोन्ही बोर्डांत तसंच.

मला राग आला. मला भीती वाटली की आधी रागच येतो. सर पुण्याला गेले होते, मेल मी एकटीनंच वाचला. म्हटलं, ही कोण टिकोजीराव, हिला चांगला माल मिळाला असेल, आमच्या नशिबी सुटा. उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत उघडून वाचला. दोन्ही बोर्डांत तसंच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामाला लागले, एका कॅपॅसिटरऐवजी दुसरा लावला, तो फुटला. पाचव्या दिवशी सकाळी लाइट जायच्या आत मी फ्लेक्स खिळ्यांवरून काढला आणि आडवा करून टांगला.

रिंगा आता बाजूला आल्या होत्या, म्हणून वर सुतळी बांधली. प्रोग्राममधली ती ओळ काढली आणि चित्र घेतलं. दोष कॅमेऱ्याचा असता तर फ्लेक्स कसाही फिरवला तरी चौकोन उंचच दिसायला हवे होते. ते रुंद दिसले. शंभराला तीन रुंद. खोट फ्लेक्सबरोबर फिरली होती.

मी खुर्चीत बसले. मग ड्रॉवर उघडला. आत आप्पांची स्टीलची पट्टी होती. शिरूरला येताना त्यांनी ती माझ्या पिशवीत टाकली होती, "गोल शाफ्टसुद्धा दोन्ही अंगांनी मोजायचा असतो, तो कुठं दबलाय ते एका अंगानं कळत नाही," असं सांगून. मी पट्टी चौकोनाला लावली. आडवा पन्नास. उभा साडेएक्कावन्न. दुसरा चौकोन. साडेएक्कावन्न. तिसरा. मी अकरा चौकोन मोजले, जणू एखादा तरी माझ्या बाजूनं साक्ष देईल.

मामांचा उरलेला पाय दोनशे मिलिमीटर. त्याचे तीन टक्के म्हणजे सहा. वाटी सहा मिलिमीटर आखूड झाली होती आणि मामा महिनाभर हाडाच्या टोकावर अख्खं अंग टाकून चालत होते.

बसस्टँडला फ्लेक्सच्या दुकानावरूनच जावं लागायचं. मी पायरीवर उभी राहून विचारलं. दुकानदाराला फाइल आठवली. तो सहज बोलला, "मॅडम, फ्लेक्स दोन बाय तीन फुटाचा. तुमचं डिझाइन रुंदीला बरोबर बसलं, उंचीला खालून पांढरी पट्टी सुटत होती. बरं दिसलं नसतं. थोडं ओढून बसवलं." आणि वर म्हणाला, "त्याचे वेगळे नाही घेतले." तो सगळ्यांचंच ओढून बसवायचा. वाढदिवसाच्या फोटोत चेहरा तीन टक्के लांब झाला तर कोण बघतंय. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार काय? उभं मोजलं नव्हतं मीच.

एसटीत त्या दिवशी मला बसायला जागा मिळाली आणि मी बसू शकले नाही. मामांच्या घरी फोन लावला होता, कुणी उचलला नाही. न्हावऱ्याला गाडी वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहा पीत होता. मी मनातल्या मनात मामांना सांगत होते, आज पाय घालू नका, आज काढून ठेवा. चार दिवसांचा हिशेब डोक्यातून जाईना. मेल आला त्या दिवशी उत्तर शोधलं असतं तर चार दिवस वाचले असते. शुगरच्या माणसाला चार दिवस म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आमच्या तोंडावर सांगितलेलं होतं.

मामा शेवंतीत होते. पाय घालून, हातात फुलांची पाटी. मला बघून हसले, "जय भीम बाय. आज मधीच कशी?"

"मामा, खाली बसा. पाय काढा."

"का गं?"

"काढा म्हणते ना."

माझा आवाज ऐकून मामी बांधावरून धावत आल्या. मामा पाटी ठेवून बसले, पण पट्ट्याला हात लावीनात. मीच पट्टा सोडला, वाटी ओढली. आतला मोजा टोकाला चिकटला होता. पाणी टाकून टाकून तो सोडवला. खाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडा काळपट, आणि वास. मामी मटकन खाली बसल्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सांगनार व्हतो. तू लई हौसेनं केलावता. माझ्याच पायाला सोसंना."

दौंडच्या डॉक्टरांनी जखम धुतली, बोट लावून बघितलं, आणि म्हणाले, "दहा दिवस बघू. शुगर खाली आली आणि काळं वर सरकलं नाही, तर गुडघा राहील. सरकलं तर मी थांबणार नाही." कुठपर्यंत सरकलं ते कळावं म्हणून त्यांनी पेनानं कातडीवर रेघ मारली. गुडघ्याच्या खाली चार बोटं.

ते दहा दिवस मी दौंडला आप्पांच्या घरी राहिले. सकाळी डबा घेऊन जायचं आणि चादर बाजूला करून आधी रेघ बघायची. तिसऱ्या दिवशी काळं रेघेच्या दिशेनं थोडं पुढं आलेलं दिसलं. मी मामींना काही बोलले नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला डोकं टेकून रडले, आणि एका नर्सनं विचारलं, "कोण गेलं?" तर तिच्यावरच खेकसले. सहाव्या दिवशी होतं तिथंच होतं. मला तेही खरं वाटेना. मी माझ्या नजरेवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं.

मामांना भेटायला भांडगावहून माणसं यायची. मामा प्रत्येकाला एकच सांगायचे, "पोरीचा क्यामेरा झ्याक हाय. परदेशात लोक वापरत्यात. माझाच पाय वंगाळ, मापात बसंना." मी डबा उघडत असायचे, पाणी भरत असायचे. दर वेळी तोंडाशी शब्द यायचे. दर वेळी वाटायचं, आत्ता नको, शुगर वाढेल. खरं कारण ते नव्हतं. ह्या एका माणसाच्या नजरेत तरी माझं काम बिनखोटीचं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

सरांना मात्र फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागदात चौरस लिहिलंय हे मी तुला दाखवलं होतं, आणि तरी तुझं ऐकून गप्प बसलो. तेही लिही." मी विचारलं, चुकीची ओळ पुसून टाकू का? ते म्हणाले, "पुसू नको. तिच्याखाली लिही. चार माणसांनी ती घेतली असेल, त्यांना कळायला हवं की काय झालं." दौंड स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत बसून मी लिहिलं. कॅमेरा बरोबर आहे. पट ताणलेला होता. मी तो एकाच बाजूनं मोजला. ही ओळ वापरून कुणी माणसाच्या अंगाचं माप घेतलं असेल, तर ते अंग आजच्या आज बघा. हे शेवटचं वाक्य लिहिताना शेजारी बसलेला माणूस चॅटिंग करत हसत होता आणि मला त्याचा भयंकर हेवा वाटला. मधमाश्यांवाल्या मुलीलाही उत्तर धाडलं. तिनं उत्तरात फक्त एवढंच विचारलं, की तुमच्या मामांचा पाय कसा आहे.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी चादर काढली, चष्मा वर केला, रेघेवर बोट फिरवलं. मामींनी माझं मनगट धरलं होतं, अजून त्यांच्या नखांची आठवण आहे. डॉक्टर म्हणाले, "राहू दे गुडघा." असं म्हणाले, जणू भाजीवाल्याला सुटे परत देताहेत. मामी तिथंच जमिनीवर बसल्या आणि मला हसू की रडू ते कळेना.

जखम भरायला तीन महिने गेले. शेवंतीचा हंगाम मामांनी बाजेवरून बघितला. मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी न सांगता परत यायचे. शेवटी एका रविवारी मामाच म्हणाले, "बाय, तू आता माझा नाद सोड. दुसरा कुनी चांगल्या पायाचा बग. माझ्यापायी तुझं काम वाया चाललंय."

मला ते ऐकवेना. बाजेच्या कडेला बसले आणि सगळं सांगून टाकलं. फ्लेक्स, पांढरी पट्टी, ओढून बसवलेलं, पन्नास आणि साडेएक्कावन्न. त्या मुलीचा मेल, मी दडपलेले चार दिवस, सगळं. मान वर केली नाही. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

मामा उशीला टेकले होते, ते सरळ बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी माझा पाय बराबर व्हता?"

"बरोबर होता, मामा. तुमच्या पायात काही खोट नव्हती."

"आन् तुझा क्यामेरा?"

"तोही बरोबर होता. पहिल्यापास्नं."

मामांनी चादर बाजूला सारली आणि आपल्या उरलेल्या पायावरून हात फिरवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा हळू.

"मंग आपुन दोगं इतकं दिस," ते म्हणाले, "दोष कुनाला देत बसलोवतो?"

मी उठले. पिशवीतून आप्पांची स्टीलची पट्टी काढली, मामांना पाय खाली सोडायला लावला, आणि आधी आडवा मोजला, मग उभा.